वेबकॅम : आधी उजेड, मग कॅमेरा

संगणकावरील व्हिडिओ संवादात आपला चेहरा काळवंडलेला, धूसर किंवा निळसर दिसतो, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. रविवारी सकाळी पुण्या-मुंबईतील आजी-आजोबा न्यू जर्सीतल्या नातवंडांशी बोलायला हौसेने बसतात आणि पलीकडून पहिले वाक्य येते, ‘आजी, तू दिसतच नाहीस!’ हा प्रश्न केवळ हौसेपुरता राहिलेला नाही. नोकरीची मुलाखत, डॉक्टरांचा सल्ला, बँकेची ओळखपडताळणी अशी गंभीर कामे संगणकाच्या माथ्यावर बसवलेल्या त्या मसुराच्या दाण्याएवढ्या भिंगातून होऊ लागली आहेत. चित्र वाईट दिसले की आपण बाजारात जातो, नवा वेबकॅम आणतो आणि तोही जुन्यासारखेच चित्र दाखवू लागला की दुकानदाराला बोल लावतो. वास्तविक दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसून खोलीतील उजेडात आणि कॅमेऱ्याच्या जागेत असतो. शिवाय, विकत आणलेल्या वेबकॅमपेक्षा सरस कॅमेरा आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

अंधारात कॅमेरा काय करतो?

वेबकॅम साधारणपणे सेकंदाला ३० चित्रे टिपतो. म्हणजे एका चित्रासाठी त्याला फार तर एक तीसांश सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाश आत आला नाही तर त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. पहिला, चित्रे टिपण्याचा वेग निम्म्यावर आणून प्रत्येक चित्राला अधिक वेळ देणे. मग आपण हात हलवला की तो फराट्यासारखा दिसतो आणि बोलणे अडखळल्यासारखे वाटते. दुसरा, मिळालेला क्षीण संकेत विद्युतरीत्या वाढवणे; मग चेहऱ्यावर वाळू भुरभुरल्यासारखे ठिपके उमटतात. लॅपटॉपचे झाकण जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. त्यात बसेल एवढे चिमुकले भिंग आणि तेवढाच चिमुकला सेन्सर असल्याने प्रकाश गोळा करण्याची त्याची कुवत मुळातच बेताची असते. आपल्या डोळ्यांना जी खोली उजळ वाटते, ती या भिंगाला संध्याकाळसारखी भासते.

यावरचा उपाय फुकटचा आहे. खिडकीकडे पाठ करून बसण्याऐवजी खिडकीकडे तोंड करून बसावे. पाठीमागे खिडकी असली की कॅमेरा त्या प्रखर प्रकाशाला धरून स्वतःला जुळवून घेतो आणि पुढचा माणूस छायाचित्रातील काळ्या आकृतीसारखा दिसतो. थेट ऊन चेहऱ्यावर येत असेल तर पातळ पडदा ओढावा. रात्री छतावरचा एकटा दिवा डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पाडतो. त्यापेक्षा टेबलावरचा दिवा संगणकाच्या मागे ठेवून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर वळवावा. भिंतीवरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर सारखा पसरतो. आपल्या पाठीमागची भिंत मात्र शुभ्र नसलेली बरी. अनेक कॅमेरे संपूर्ण चित्राचा सरासरी उजेड मोजतात. मागे लखलखीत भिंत असली की ते सगळेच चित्र गडद करतात आणि आपल्या सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्याला त्याचा फटका बसतो. फिकट हिरवी किंवा मातकट रंगाची भिंत, पुस्तकांचे कपाट, जाड पडदा यांपैकी काहीही चालेल.

एक खास आपल्याकडची अडचण म्हणजे छताचा पंखा. दिवा पंख्याच्या वर असेल तर फिरत्या पात्यांची सावली चेहऱ्यावरून सतत सरकते आणि कॅमेरा बिचारा दर क्षणी उजेड कमी-जास्त करीत राहतो. खुर्ची दोन हात सरकवली तरी हा त्रास थांबतो.

पडद्यावरच्या त्या पट्ट्या

काही घरांत चित्रावर आडव्या काळसर पट्ट्या सावकाश वर-खाली सरकताना दिसतात. वेबकॅम बिघडला, असे समजून तो परत केला जातो. याचे मूळ आपल्या विजेत आहे. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखर गाठतो. त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण कॅमेऱ्याचा सेन्सर चित्राच्या ओळी एकामागून एक वाचतो, त्यामुळे काही ओळी दिवा तेज असताना आणि काही तो मंद असताना टिपल्या जातात. अमेरिकेत हीच आवर्तने ६० असतात. तिकडच्या हिशेबाने जुळवलेला कॅमेरा, मग तो लेकाने शिकागोहून येताना आणलेला असो वा इथेच घेतलेला पण तशी मांडणी असलेला असो, आपल्या दिव्यांखाली पट्ट्या दाखवतो. विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपमधील व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘फ्लिकर रिडक्शन’ अशी नोंद सापडते. तिथे ५० हर्ट्झ निवडावे. वेबकॅमबरोबर कंपनीचे अ‍ॅप आले असेल तर त्यातही बहुधा ही निवड असते. एवढे करूनही पट्ट्या राहिल्याच तर तो दिवा बदलावा, कॅमेरा नव्हे.

डोळ्यांची पातळी

लॅपटॉप मांडीवर घेऊन बोलणाऱ्याच्या नाकपुड्या आणि छत दोन्ही पलीकडच्याला सविस्तर दिसतात. मुलाखत घेणाऱ्यावर याचा परिणाम चांगला होत नाही, हे सांगायला नकोच. भिंग डोळ्यांच्या पातळीत यायला हवे. त्यासाठी महागडे स्टँड घेण्याचे कारण नाही. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा लॅपटॉपखाली ठेवला तरी काम भागते. फक्त तो डळमळत नाही ना, एवढे पाहावे. आपण कॅमेऱ्यापासून साधारण एक हात दूर असावे. फार जवळ गेल्यास रुंद कोनाच्या भिंगामुळे नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात. बोलताना पडद्यावरील चेहऱ्याकडे पाहण्याचा मोह होतो. पण समोरच्याला ‘हा माझ्याकडे पाहत आहे’ असे वाटायचे असेल तर नजर भिंगाकडे हवी. म्हणून संवादाची खिडकी लहान करून पडद्याच्या वरच्या कडेला, भिंगाच्या अगदी खाली आणून ठेवावी. नजर आपोआप जागेवर येते.

आणि हो, भिंग पुसावे. झाकण उघडता-मिटताना त्यावर बोटांचा तेलकटपणा बसतो आणि दिव्यांभोवती धुक्यासारखी वलये दिसू लागतात. चष्म्याच्या मऊ फडक्याने एकदा पुसल्यावर अनेक ‘खराब’ कॅमेरे सुधारतात.

किती पिक्सेल हवेत?

पहिला वेबकॅम ज्याला म्हणतात तो इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली बसला, तोही कॉफीच्या भांड्यावर नजर ठेवण्यासाठी. जिने चढून यावे आणि भांडे रिकामे निघावे, याला कंटाळलेल्या संशोधकांनी ही युक्ती काढली. १९९३ साली ते चित्र इंटरनेटवर आले. ते होते अवघे १२८ बाय १२८ पिक्सेलचे, करड्या रंगाचे. आणि तरीही जगभरातून लोक ते पाहत. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला, तेव्हा जर्मनीच्या ‘डेर श्पीगल’ने ते भांडे लिलावात ३,३५० पौंडांना विकत घेतले. घरगुती वापरासाठी १९९४ मध्ये आलेला कनेक्टिक्स कंपनीचा ‘क्विककॅम’ही ३२० बाय २४० पिक्सेल आणि करड्या रंगाच्या १६ छटा एवढ्यावरच समाधानी होता. त्या काळी प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर ड्रायव्हरची सीडी येई आणि ती हरवली की कॅमेरा शोभेचा होई. २००३ मध्ये यूएसबी कॅमेऱ्यांसाठी समान मानक ठरले आणि नुसती वायर जोडताच चित्र दिसू लागले.

आज दुकानात ‘फोर-के’ची जाहिरात जोरात असते. पण बहुतांश संवाद ७२०पी किंवा त्याहूनही कमी दर्जाने पुढे जातात. कारण चित्र शेवटी इंटरनेटच्या जोडणीतूनच जाणार. झूमने दोघांच्या संवादासाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार ७२०पी चित्राला सेकंदाला सुमारे १.२ मेगाबिट आणि १०८०पी चित्राला ३ मेगाबिटहून अधिक वेग लागतो, तोही दोन्ही दिशांना. घरात दुसऱ्या खोलीत सिनेमा चालू असेल तर हा वेग टिकत नाही. तेव्हा १०८०पीच्या पुढचे पैसे रोजच्या वापरात वाया जातात, असे माझे मत आहे.

जोडणीची एक बारीक गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुन्या प्रकारच्या यूएसबी २.० जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट जाऊ शकतात, तर न दाबलेले १०८०पी चित्र सेकंदाला सुमारे १,००० मेगाबिट मागते. म्हणून कॅमेरा ते आधी दाबून पाठवतो. एकाच स्वस्त यूएसबी हबवर कॅमेरा, हार्ड डिस्क आणि प्रिंटर यांची गर्दी केली तर चित्र तुटणारच. कॅमेरा थेट संगणकात जोडावा. ‘कॅमेरा सापडत नाही’ असा निरोप आल्यास आधी दुसरे एखादे अ‍ॅप त्याला धरून बसले आहे का, ते पाहावे. विंडोजमध्ये वर्षानुवर्षे एका वेळी एकाच अ‍ॅपला कॅमेरा मिळत आला आहे.

मोबाइलचाच वेबकॅम

मोबाइलच्या मागच्या बाजूचा कॅमेरा लॅपटॉपच्या कॅमेऱ्याहून कितीतरी मोठा सेन्सर बाळगतो आणि कमी उजेडातही चेहरा स्वच्छ दाखवतो. तो संगणकाला वेबकॅम म्हणून जोडण्याच्या सोयी आता खुद्द फोन आणि संगणक बनवणाऱ्यांनीच दिल्या आहेत. अ‍ॅपलने २०२२ मध्ये ‘कन्टिन्युइटी कॅमेरा’ आणला. आयफोन एक्सआर किंवा त्यानंतरचा फोन, आयओएस १६ आणि मॅकवर व्हेंचुरा वा त्यापुढची प्रणाली असेल, दोन्हींवर एकच अ‍ॅपल खाते असेल, वायफाय आणि ब्लूटूथ चालू असतील तर संवादाच्या अ‍ॅपमधील कॅमेऱ्यांच्या यादीत आयफोनचे नाव आपोआप दिसते.

विंडोज ११ असलेल्यांनी अँड्रॉइड फोनवर ‘लिंक टू विंडोज’ हे अ‍ॅप घ्यावे आणि संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’खाली ‘मोबाइल डिव्हायसेस’मध्ये जाऊन फोनला कॅमेरा म्हणून वापरण्याची परवानगी द्यावी. हे काम वायर न जोडता होते. अँड्रॉइड १४ पासून काही फोनांना तिसरी आणि सर्वांत सरळ सोय मिळाली आहे. गूगलच्या पिक्सेल ६ आणि नंतरच्या फोनांवर ती डिसेंबर २०२३ मध्ये आली. फोन वायरने संगणकाला जोडावा, ‘यूएसबीद्वारे चार्ज होत आहे’ या सूचनेवर बोट ठेवावे आणि पर्यायांतून ‘वेबकॅम’ निवडावा. संगणकाला हा फोन कुठल्याही साध्या वेबकॅमसारखाच दिसतो, त्यावर काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. आपल्या फोनवर हा पर्याय नसेल तर ड्रॉइडकॅम, आयरियन किंवा कॅमो यांसारखी अ‍ॅप आहेत. त्यांचा एक भाग फोनवर व दुसरा संगणकावर बसवावा लागतो. काही अ‍ॅपना वायरने जोडताना फोनमधील ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करावे लागते. काम झाल्यावर ते आठवणीने बंद करावे.

वायर की वायफाय, असा प्रश्न आला तर वायर घ्यावी. वायफायवर चित्र किंचित मागे पडते आणि ओठ आधी हलतात की शब्द आधी येतात, असा गोंधळ होतो. फोन दिसतच नसेल तर वायर तपासावी. अनेक स्वस्त वायरी फक्त वीज वाहतात, माहिती नव्हे. फोन आडवा ठेवावा. तासभर चालल्यावर तो तापतो, म्हणून कव्हर काढावे आणि उन्हात ठेवू नये. संवादाच्या मध्येच फोन वाजू नये यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावे. आवाजासाठी माइक कोणता, संगणकाचा की फोनचा, हे आधीच ठरवून दुसरा बंद ठेवावा. दोन्ही चालू राहिल्यास विहिरीत बोलल्यासारखा प्रतिध्वनी येतो.

फोन वरून खाली पाहील असा टांगला की तो वहीवरचे लिखाण दाखवणारा कॅमेरा होतो. टाळेबंदीच्या काळात, जून २०२० मध्ये, पुण्यातील रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेने कपड्यांच्या हँगरवर मोबाइल टांगून फळ्यावरचा पाठ मुलांपर्यंत पोहोचवला होता आणि ते छायाचित्र देशभर पाहिले गेले. शिकवणाऱ्यांना नेहमी पडणारी एक शंका इथेच दूर करू. स्वतःच्या पडद्यावर अक्षरे उलटी दिसतात, पण ती फक्त आपल्याला. सवयीच्या आरशासारखे वाटावे म्हणून अ‍ॅप तसे दाखवते. विद्यार्थ्यांना ‘क’ हा ‘क’च दिसतो. सेटिंगमधील ‘मिरर’चा पर्याय काढला की आपला गोंधळही मिटतो.

रंग आणि रेषा

विंडोज ११ मध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’खाली ‘कॅमेराज’मध्ये उजळपणा, गडद-फिकटपणा, रंगांचा गडदपणा हे सारे कमी-जास्त करता येते. दिवे आणि जागा नीट झाल्यावर इथे फारसे हात लावावे लागत नाहीत. अपवाद एक, रंगांचा समतोल. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावली तर अर्धा चेहरा केशरी आणि अर्धा निळसर होतो. कॅमेरा दोघांनाही एकदम सांभाळू शकत नाही. एकाच रंगाचे दिवे ठेवावेत.

एरवी हा सौंदर्याचा प्रश्न. पण डॉक्टरांपुढे बसल्यावर तो आरोग्याचा होतो. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यापासून व्हिडिओवरून सल्ला घेणे रुळले आहे. डोळ्यांतील पिवळेपणा, ओठांचा फिकटपणा, त्वचेवरील चट्ट्याचा लालसरपणा डॉक्टर याच चित्रावरून जोखणार. पिवळ्या बल्बखाली निरोगी माणूसही काविळीचा वाटतो आणि चेहरा ‘गुळगुळीत’ करणारा फिल्टर चालू राहिला तर पुरळ झाकले जाते. अशा वेळी दिवसाउजेडी खिडकीपाशी बसावे, फिल्टर काढावेत आणि चट्टा दाखवायचा तर फोनचा मागचा कॅमेराच वापरावा.

बँकांच्या बाबतीत अडचण वेगळी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओद्वारे ग्राहकाची ओळख पटवण्यास परवानगी दिली. त्यात अधिकारी चेहरा पाहतो, पॅन कार्ड दाखवायला सांगतो आणि ग्राहक भारतातच आहे याची स्थानावरून खात्री करतो. लॅपटॉपच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस एका अंतरावर कायमचा बांधलेला असतो. कार्ड भिंगाला चिकटवले तर अक्षरे पुसट होतात. ते हळूहळू मागे न्यावे, एका टप्प्यावर ती वाचता येतात. गुळगुळीत कार्डावर दिव्याची तिरीप पडत असेल तर ते किंचित कलते धरावे. ज्यांचा वेबकॅम आपोआप फोकस करतो, त्यांच्याकडे तो चेहरा आणि कार्ड यांत सारखा घोटाळत राहतो. हात क्षणभर स्थिर ठेवावा.

पाहणारा डोळा

कॅमेऱ्याजवळचा छोटा दिवा लागला म्हणजेच कॅमेरा चालू, असा आपला समज असतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की काही जुन्या मॅकबुकमध्ये तो दिवा न लावताही कॅमेरा चालवता येतो. २०१६ मध्ये मार्क झुकरबर्ग यांच्या एका छायाचित्रात त्यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी दिसली, तेव्हा पुष्कळांनी घरी तेच केले. पट्टी पातळ कागदाची असावी; जाड झाकण लावून लॅपटॉप मिटल्यास पडद्याला तडा जाऊ शकतो, असा इशारा अ‍ॅपलने २०२० मध्ये दिला होता. फोनवर कॅमेरा चालू असताना कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून ही सोय आहे. विनाकारण तो दिसल्यास कोणत्या अ‍ॅपला परवानगी आहे, ते तपासावे.

ज्येष्ठांना याहून मोठा धोका आहे तो कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणाऱ्यांचा. गणवेशातील माणूस व्हिडिओवर येतो, ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेरा बंद करायचा नाही’ असे बजावतो आणि तासन्‌तास धाक दाखवून पैसे उकळतो. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. संवाद तत्काळ तोडावा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. त्याचप्रमाणे ‘कॅमेरा जुळवून देतो’ म्हणून कोणी अनोळखी माणूस संगणक दुरून चालवण्याचे अ‍ॅप उतरवायला सांगत असेल तर नकार द्यावा. या लेखातील एकाही कामाला त्याची गरज नाही.

वेबकॅम म्हणून जुना फोन कायमचा टेबलावर बसवायचा असेल तर महिन्यातून एकदा त्याची पाठ पाहावी. सतत चार्जिंगवर राहिलेली बॅटरी फुगते. पाठ उचललेली दिसली तर त्या फोनला पुन्हा वायर लावू नये. तो ई-कचरा केंद्रात द्यावा.